पहिला नंबर, बारा टीम्स : जो स्मिथ नावाचा जर्नीमन

रिबाउंडवाला

एनबीएवर (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) धागे निघतात ते जॉर्डन, कोबी नाहीतर लेब्रॉनचे. यावेळी जरा बाजूचा माणूस घेतोय. जो स्मिथ. उंची सहा फूट दहा इंच, पॉवर फॉरवर्ड, गरज पडली तर सेंटर (दोन्ही बास्केटजवळच्या उंच माणसांच्या जागा). १९९५ च्या ड्राफ्टमधला (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिला नंबर. आणि पुढच्या १६ मोसमांत १२ टीम्स. अशा टीममागून टीम फिरणाऱ्याला जर्नीमन म्हणतात.

यादी आधीच टाकतो, म्हणजे नंतर गोंधळ नको : गोल्डन स्टेट, फिलाडेल्फिया, मिनेसोटा, डेट्रॉइट, परत मिनेसोटा, मिलवॉकी, डेन्व्हर, परत फिलाडेल्फिया, शिकागो, क्लीव्हलँड, ओक्लाहोमा सिटी, परत क्लीव्हलँड, अटलांटा, न्यू जर्सी, लेकर्स. दोनदा आलेली नावं एकदाच मोजा, बरोबर बारा भरतात.

पोरगा व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा. मेरीलँड विद्यापीठात गॅरी विल्यम्सच्या हाताखाली दोनच वर्षं खेळला. दुसऱ्या वर्षी नेस्मिथ पुरस्कार, म्हणजे कॉलेजातला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. मग ड्राफ्ट. त्याच्या मागोमाग उचललेली नावं बघा : अँटोनिओ मॅकडाइस, जेरी स्टॅकहाउस, रशीद वॉलेस आणि पाचवा केविन गार्नेट, जो थेट शाळेतून आला होता.

सुरुवात झकास होती. पहिल्या वर्षी ८२ पैकी ८२ सामने, सरासरी १५.३ गुण, ८.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं). सर्वोत्तम नवोदिताचा मान डेमन स्टॉडमायरला गेला. पुढच्या वर्षी सरासरी १८.७ वर. आणि तेच शिखर ठरलं, पुन्हा तिथे कधी पोचला नाही. तिसऱ्या मोसमात गोल्डन स्टेटचा पार विचका झाला. डिसेंबर १९९७ मध्ये लाट्रेल स्प्रीवेलने सरावात प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमोचा गळाच धरला. फेब्रुवारी १९९८ मध्ये स्मिथला फिलाडेल्फियाला रवाना केलं.

इथून त्याची वरात सुरू झाली. बहुतेक लेखांत त्याची ओळख 'वाया गेलेला पहिला नंबर' अशी असते. मला ते पटत नाही. १०३० सामने खेळलेला माणूस वाया कसा गेला? तो सारखा फिरला, कारण त्याचा उपयोग दोन ठिकाणी होता : मैदानावर आणि कागदावर. कागदावर जरा जास्तच. मिनेसोटाच्या भानगडीवर नंतर सविस्तर लिहितो, आधी मतं येऊ द्या.

कट्ट्यावरचा

धागा छान, पण सहमत नाही. पहिला नंबर म्हणजे ज्याच्याभोवती टीम उभी करायची तो. सरासरी १०.९ गुण आणि ६.४ रिबाउंड ही कारकीर्द पंधराव्या नंबरची. गार्नेट पाचवा होता साहेब, पाचवा!! गोल्डन स्टेटवाल्यांना आजही ठसका लागत असेल.

सोनचाफा

मध्येच विचारते, हसू नका. मुलगा शाळेच्या टीममध्ये आहे. सर म्हणाले हा आमचा बिग मॅन. उंच आहे एवढं मला कळलं. पण बिग मॅनने नक्की करायचं काय असतं? बास्केट तर बाकीचेच टाकतात.

माजी_सेंटर

सोनचाफाताई, हसण्यासारखं काहीच नाही. आमच्या घरच्यांनाही वीस वर्षांत कळलं नाही.

बिग मॅनचं निम्मं काम चेंडू हातात नसताना असतं. एक, स्क्रीन. आपला गार्ड (चेंडू नेणारा, सहसा बुटका खेळाडू) चेंडू घेऊन येतो, त्याला चिकटलेल्या बचावपटूच्या वाटेत पाय रोवून उभं राहायचं. हात छातीशी, हलायचं नाही. समोरचा येऊन धडकतो, बरगडीत कोपर बसतं आणि आपला गार्ड मोकळा सुटतो. स्कोअरशीटवर याची नोंद कुठेच नाही.

दोन, बॉक्स-आउट. शॉट उडाला की सगळं पब्लिक वर बघतं. बिग मॅनने वर बघायचं नाही, माणूस शोधायचा. त्याच्यापुढे जायचं, पाठ त्याच्याकडे करायची, कंबर खाली, पाय फाकलेले, आणि बुडाने त्याला मागे रेटायचं. हात वापरले की फाउल. पाठीला त्याचं वजन लागलं की तो कुठे आहे ते न बघता कळतं. मग उडी. उडी उशिरा मारली तरी चालते, जागा आधी घेतलेली असली पाहिजे. मुलाला विचारा, घरी आल्यावर पाठ दुखते का? नाही म्हणाला तर सरांना सांगा, बॉक्स-आउट नीट होत नाहीये. :)

जो स्मिथचं वैशिष्ट्य असं की त्याच्याकडे तिसरी गोष्टही होती, मधल्या अंतरावरचा शॉट. स्क्रीन लावायची आणि बास्केटकडे पळण्याऐवजी फ्री थ्रोच्या रेषेजवळ बाजूला सरकायचं, पास आला की सरळ शॉट. याला पिक अँड पॉप म्हणतात. फ्री थ्रोही ७९ टक्क्यांच्या आसपास, जे त्या काळच्या उंच मंडळींत चांगलंच म्हणायचं. अंगाने मात्र किरकोळ होता. शकील ओनीलसारख्या धिप्पाड सेंटरसमोर उभा केला तर कीव यायची. त्यामुळे पूर्ण वेळ सेंटर नाही आणि पूर्ण वेळ स्टारही नाही. पण असा माणूस कुठल्याही टीममध्ये पहिल्या दिवसापासून चालतो, त्याच्यासाठी टीमचा खेळ बदलावा लागत नाही. माझ्या मते बारा टीम्सचं निम्मं उत्तर इथेच आहे.

सोनचाफा

धन्यवाद! पाठ दुखते म्हणाला. आता तेल लावून देते.

मिनेसोटाकर

अरे वा, आमच्या जुन्या गावाचा विषय. ऑफिस सुटलं की स्कायवेच्या काचेच्या पुलांवरून चालत थेट टीमच्या मैदानाला, टार्गेट सेंटरला पोचायचो, बाहेर उणे वीस असलं तरी. वरच्या रांगांची तिकिटं स्वस्तात मिळायची.

रिबाउंडवाला, भानगडीचं लवकर लिहा. तिथले जुने प्रेक्षक त्या प्रकरणाबद्दल अजूनही असं बोलतात जणू काल घडलं. आणि गंमत म्हणजे स्मिथवर कोणाचा राग नव्हता. राग ऑफिसवर.

रिबाउंडवाला

लिहितो. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

१९९७ मध्ये मिनेसोटाने गार्नेटशी सहा वर्षांचा १२.६ कोटी डॉलरचा करार केला. तेव्हा असा आकडा कोणी ऐकला नव्हता. १९९८-९९ चं लॉकआउट (पैशांच्या वादात मालकांनी खेळ बंद ठेवला ते), ज्यात मोसम ५० सामन्यांवर आला, त्यामागे मालकांना बसलेला हा धक्काही होता. आता एवढा पैसा एकावर लावल्यावर टीमच्या एकूण पगारावर असलेल्या मर्यादेखाली दुसऱ्यासाठी उरणार काय?

इकडे जो स्मिथ मोकळा. तेविशीतला, पहिला नंबर, सरासरी पंधराच्या पुढे. जानेवारी १९९९ मध्ये लॉकआउट सुटल्यावर त्याने मिनेसोटाशी एका वर्षाचा करार केला, तोही साडेसतरा लाख डॉलरवर. सगळ्यांच्या भुवया वर. पुढच्या वर्षी परत एका वर्षाचा, परत स्वस्तात. बाहेर सांगायला कारण हे की त्याला गार्नेटबरोबर खेळायचंय.

खरं कारण कागदावर लिहून ठेवलेलं होतं. हा मूर्खपणा मला आजही समजत नाही. तोंडी ठरलं असतं तर कोणी सिद्ध करू शकलं नसतं. यांनी गुप्त करार चक्क लेखी केला, सह्यांसकट. तीन वर्षं कमी पगारात खेळ, मग मोठा करार देतो, जो आठ कोटी साठ लाख डॉलरपर्यंत जाऊ शकला असता.

तीनच वर्षं का, ते हिशेबनीस नीट सांगतील.

बाहेर कसं आलं? टीममधून नाही, एजंटांच्या भांडणातून. एरिक फ्लायशर हा स्मिथचा एजंट. त्याचा सहकारी अँडी मिलर वेगळा झाला आणि जाताना गिऱ्हाईकं घेऊन गेला, त्यांत गार्नेट आणि स्मिथही. फ्लायशरने दावा ठोकला. त्या खटल्यात कागदपत्रं मागवली गेली आणि त्यांत हा करार सापडला.

ऑक्टोबर २००० मध्ये आयुक्त डेव्हिड स्टर्नने जी शिक्षा दिली तशी लीगमध्ये आधी कोणाला झाली नव्हती. ३५ लाख डॉलर दंड. पाच वर्षांचे पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट पिक, म्हणजे निवडीचे हक्क, जप्त (त्यातले दोन, २००३ आणि २००५ चे, नंतर परत मिळाले). मालक ग्लेन टेलर निलंबित, बास्केटबॉल प्रमुख केविन मॅकहेल रजेवर. आणि स्मिथचा चालू करार रद्द, जुने करारही रद्द. म्हणजे त्याने तिथे काढलेली वर्षं हिशेबातून पुसली.

मोसम तोंडावर आणि माणूस रस्त्यावर. डेट्रॉइटने घेतलं. एक वर्ष तिथे काढलं आणि २००१ मध्ये पठ्ठ्या परत मिनेसोटाला गेला. यावेळी उघडपणे, बऱ्याच वर्षांचा करार करून. पण आठ कोटींच्या जवळपासही नाही.

हिशेबनीस

तीन वर्षांचं गणित सोपं आहे. एनबीएची पगारमर्यादा लवचीक असते. स्वतःचाच खेळाडू परत ठेवायचा असेल तर टीम मर्यादा ओलांडू शकते, पण तो तीन मोसम सलग तुमच्याकडे असला पाहिजे. हा हक्क लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जातो, बर्ड राइट्स. म्हणून एकेक वर्षाचे तीन स्वस्त करार, म्हणजे तिसऱ्याच्या शेवटी हक्क तयार आणि मर्यादेची कटकट नाही. स्टर्नने जुने करार रद्द केले त्यामागचा डाव हाच : दोन वर्षं शून्यावर आली, हक्क मेला.

माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा असल्याने एक वाटतं. ज्याने लिहून ठेवलं त्याने विश्वास नव्हता म्हणूनच लिहून ठेवलं. तीन वर्षांनी टीमने हात वर केले तर खेळाडू काय करणार? एजंटच्या बाजूने बघितलं तर लेखी घेणं शहाणपणाचंच होतं. फक्त तो कागद कुठल्याच कोर्टात दाखवता येणारा नव्हता, मग त्याचा उपयोग काय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

कट्ट्यावरचा

म्हणजे आमच्याकडे फ्लॅट घेताना चेक किती आणि रोख किती, तसंच झालं की हे. :))

हिशेबनीस

अगदी. आणि भांडण भागीदारांत झालं की पहिली बाहेर येते ती रोखीची डायरी.

मिनेसोटाकर

शिक्षेचा खरा मार दंडात नव्हता, ड्राफ्टमध्ये होता. २००१, २००२ आणि २००४, ही तीन वर्षं पहिल्या फेरीत टीमला कोणीच घेता आलं नाही. गार्नेट ऐन भरात असताना त्याच्याभोवती तरुण पोरं हवी होती. १९९७ ते २००३ सलग सात वर्षं आम्ही प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद सामन्यांच्या) पहिल्या फेरीत हरलो. सात! एप्रिल संपता संपता बर्फ वितळायचा आणि आमचा मोसमही.

मग जून २००३ मध्ये स्मिथ आणि टेरेल ब्रँडनला मिलवॉकीला पाठवून सॅम कॅसल आणि अर्विन जॉन्सन आणले. ब्रँडन जखमी होता, पुन्हा खेळलाच नाही. म्हणजे खेळाडू म्हणून मिलवॉकीला मिळाला तो स्मिथच. त्याच उन्हाळ्यात स्प्रीवेलही आला (होय, तोच गळा धरणारा). पुढच्या मोसमात गार्नेट एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू), टीम पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत, तिथे लेकर्सकडून ४-२ ने हरली. त्यानंतर प्लेऑफ बघायला आम्हाला २०१८ उजाडलं.

स्मिथसाठी एवढा आटापिटा केला, पाच पिक घालवायची वेळ आली, आणि टीमला चांगले दिवस आले ते त्याला दुसरीकडे देऊन.

खेळाबद्दल एक आठवण : ब्रँडन आणि स्मिथची जोडी मी वरून बघायचो, आणि वरून बघितलं की पिक अँड पॉप नकाशासारखं दिसतं. ब्रँडन उजवीकडून वळायचा, दोघंही बचावपटू त्याच्या मागे, आणि स्मिथ दोन पावलं मागे सरकून हात छातीजवळ तयार ठेवून उभा. पास येण्याआधीच गुडघे वाकलेले असायचे. चेंडू हातात पडला की लगेच सुटायचा, वेळ म्हणून लागायचा नाही. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे असतो, त्यामुळे ते मागे सरकणं दिसतच नाही.

माजी_सेंटर

मिनेसोटाकर, गुडघे आधी वाकवणं हे मी पोरांना रोज ओरडून सांगतो. +१०००

रिबाउंडवाला

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे. ट्रेडच्या (टीम्समधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) बातम्या वाचा, स्मिथचं नाव नेहमी तिसऱ्या-चौथ्या ओळीत.

फेब्रुवारी १९९८ : स्मिथ आणि ब्रायन शॉ फिलाडेल्फियाला, जिम जॅक्सन आणि क्लॅरेन्स वेदरस्पून गोल्डन स्टेटला. यातला जिम जॅक्सनसुद्धा पुढे बारा टीम्स पुऱ्या करून थांबला. बारा टीम्सवाली दोन माणसं एकमेकांच्या बदल्यात दिली गेली. कथेत लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

फिलाडेल्फियात तेव्हा कोण? ॲलन आयव्हर्सन. १९९६ चा पहिला नंबर, आणि हॅम्प्टनचा, म्हणजे नॉरफोकच्या शेजारच्या गावचा. दोघं काही काळ एकत्र खेळले. डिसेंबर २००६ मध्ये आयव्हर्सन डेन्व्हरला गेला, तेव्हा बदल्यात फिलाडेल्फियाला काय मिळालं? आंद्रे मिलर, पहिल्या फेरीचे दोन पिक आणि जो स्मिथ.

फेब्रुवारी २००८ : शिकागो, क्लीव्हलँड, सिएटल यांच्यात अकरा खेळाडूंची अदलाबदल. बेन वॉलेस, वॉली झर्बियाक, डेलोन्टे वेस्ट आणि स्मिथ क्लीव्हलँडला. समोरून शिकागोला जाणाऱ्यांत ड्रू गुडन. तो दहा टीम्सवाला, त्याच्यावरही कधीतरी लिहायला हवं.

ऑगस्ट २००८ : क्लीव्हलँडला मो विल्यम्स हवा होता, स्मिथ ओक्लाहोमा सिटीला. सिएटलहून हललेली टीम, तिथला पहिलाच मोसम, आणि तिथला तारा केविन ड्युरंट जेमतेम विशीत. हा तेहतीस वर्षांचा. मोसम सुरू असताना करार तोडून मोकळा झाला आणि परत क्लीव्हलँडला लेब्रॉनकडे.

हिशेबनीस

यातल्या दोन गोष्टींचा खुलासा करतो, नाहीतर लोकांना वाटेल की त्याला कोणी ठेवतच नव्हतं.

पहिली, पगार जुळवणं. मर्यादेच्या वर असलेल्या टीमने खेळाडू बदलायचे तर दोन्ही बाजूंचे पगार जवळपास सारखे हवेत. आयव्हर्सनचा त्या वर्षीचा पगार १.८ कोटी डॉलरच्या आसपास. एकट्या आंद्रे मिलरच्या पगारात तो बसत नव्हता. मधली पोकळी भरायला मध्यम पगाराचा माणूस लागतो. फार महाग नाही, फार स्वस्त नाही. स्मिथ नेमका तसा होता, आणि वर त्याचा करार त्याच उन्हाळ्यात संपणार होता. संपत आलेला करार म्हणजे घेणाऱ्या टीमसाठी बोजा नव्हे, सुटका : वर्षअखेर तेवढी रक्कम पगारपत्रकातून जाते आणि नवीन माणूस घेता येतो. फिलाडेल्फियाने त्याला म्हणूनच घेतलं, आणि उन्हाळ्यात तो मोकळा होऊन शिकागोला गेला.

दुसरी, बायआउट. हरणाऱ्या टीमकडे वयस्क खेळाडू असला की दोघं मिळून करार कमी पैशांत मिटवतात आणि तो जिंकणाऱ्या टीमकडे जातो. पण १ मार्चच्या आत मोकळा झाला तरच नव्या टीमकडून प्लेऑफ खेळता येतात. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एनबीएत गणपतीआधीच्या मार्केटसारखी गर्दी उसळते. २००९ मध्ये स्मिथ याच दारातून क्लीव्हलँडला परतला. त्यांनी त्या मोसमात ६६ सामने जिंकले होते. पूर्वेच्या अंतिम फेरीत ओरलँडोने गाशा गुंडाळायला लावला.

कट्ट्यावरचा

हिशेब पटला. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? पहिल्या नंबरचा माणूस पोकळी भरायला वापरला गेला. टिम डंकनही पहिलाच नंबर, त्याला कोणी पगार जुळवायला वापरलं का?

रिबाउंडवाला

डंकन शंभर वर्षांत एखादा. त्याच्याशी तुलना केली तर सगळेच वाया गेलेले.

चकी ब्राउनचं उदाहरण घ्या. तोही बिग मॅन, त्याच्याही बारा टीम्स. १९९५ मध्ये तो याकिमा सन किंग्ज या छोट्या लीगमधल्या टीमकडून खेळत होता. ह्यूस्टनने दहा दिवसांच्या करारावर बोलावलं. दहा दिवसांचा करार म्हणजे जानेवारीनंतर टीम्स असे करार देतात, एका खेळाडूला जास्तीत जास्त दोनदा. नंतर मोसम संपेपर्यंत ठेवा नाहीतर सोडा. ब्राउन टिकला आणि जूनमध्ये ह्यूस्टनबरोबर विजेता झाला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ह्यूस्टनने चार्ल्स बार्कलीला आणलं, बदल्यात फीनिक्सला चौघं गेले : कॅसल, रॉबर्ट हॉरी, मार्क ब्रायंट आणि चकी ब्राउन. इतिहासात त्याला 'बार्कली ट्रेड' म्हणतात. हे चार जण त्या नावात कुठेच नाहीत, पण ते नसते तर ट्रेड झालाच नसता.

आणि टोनी मॅसनबर्ग. तोही मेरीलँडचा. तिथला स्टार लेन बायसच्या शेवटच्या वर्षी हा पहिल्या वर्षाला होता. १९९० मध्ये ४३ वा पिक, सॅन अँटोनिओ. मग शार्लट, बोस्टन, गोल्डन स्टेट. कुठेच जम बसेना म्हणून युरोपात, बार्सिलोनाकडून खेळला. परत आला, क्लिपर्स, टोरोंटोच्या पहिल्यावहिल्या मोसमाची टीम, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, व्हँकुव्हर, ह्यूस्टन, युटा, सॅक्रॅमेंटो. शेवटी २००४-०५ च्या मोसमात परत सॅन अँटोनिओ, आणि तिथे विजेत्यांची अंगठी. ज्यांनी पहिल्यांदा निवडलं त्यांच्याकडेच, पंधरा वर्षांनी.

स्मिथला ती मिळाली नाही. क्लीव्हलँडला हुकली. डिसेंबर २०१० मध्ये न्यू जर्सीहून लेकर्सकडे गेला, तेव्हा लेकर्स दोन वर्षांचे विजेते होते. तिथे मोजकेच सामने मिळाले आणि मे २०११ मध्ये डॅलसने लेकर्सना ४-० ने धुतलं. प्रशिक्षक फिल जॅक्सनचीही ती शेवटची मॅच. स्मिथ त्यानंतर एनबीएत खेळला नाही.

माजी_सेंटर

जिद्दीच्या बाबतीत रिबाउंडवाल्यांशी सहमत. आमच्याकडच्या खेळाडूला हे सगळं परग्रहावरचं वाटतं. नागपाड्याच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळलेल्या आमच्या पिढीला ट्रेड ठाऊकच नव्हता. खेळाच्या कोट्यातून रेल्वेत, बँकेत किंवा सरकारी खात्यात लागलात की निवृत्तीपर्यंत जर्सीवर तेच नाव. मी ज्या खात्याकडून खेळलो तिथे माझ्याआधीचा सेंटर चाळिशी उलटली तरी जागा सोडत नव्हता. सोडून जाणार कुठे? त्याचीही चूक नाही, नोकरी खेळावर लागलेली. आम्ही बाकावर बसून त्याचे गुडघे कधी जातात याची वाट बघायचो. पाप लागलं असेल.

इतक्या टीम्स बदलायच्या तर आधी तेवढ्या टीम्स असायला हव्यात.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रॅमेंटो आणि इंडियाना येऊन दोन सामने खेळून गेले तेव्हा मी मुद्दाम लवकर जाऊन बसलो होतो, फक्त उंच मंडळींचा सराव बघायला. सॅक्रॅमेंटोने त्याच उन्हाळ्यात ड्वेन डेडमनला घेतलं होतं. त्याच्या घरी धार्मिक कारणाने खेळायला परवानगी नव्हती, अठराव्या वर्षापर्यंत बास्केटबॉल संघटित असा खेळलाच नव्हता. ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. मुंबईत आला तोवर सहावी टीम. आणि मुंबईहून परतल्यावर चार महिन्यांत त्यालाही अटलांटाला पाठवलं. पहिल्या नंबरचा स्मिथ आणि कोणीच न निवडलेला डेडमन, दोघांची बॅग सारखीच भरलेली.

ताकभात

सतनाम सिंगचं काय झालं? २०१५ मध्ये केवढा गाजावाजा झाला होता.

माजी_सेंटर

डॅलसने ५२ व्या नंबरवर घेतलं, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिलाच. त्यांच्या दुय्यम लीगच्या टीमकडून, टेक्सस लेजंड्सकडून खेळला, पण एनबीएच्या सामन्यात एक मिनिटही नाही. पुढे उत्तेजक चाचणीत अडकून दोन वर्षांची बंदी आली, मग व्यावसायिक कुस्तीत गेला. वेगळा धागा काढा, इथे विषयांतर होईल.

सोनचाफा

एवढे पैसे मिळाले असतील तर जो स्मिथ आता मजेत असेल ना?

रिबाउंडवाला

नाही हो. कारकिर्दीत साधारण ६.१ कोटी डॉलर मिळवले. २०१८ मध्ये सीएनबीसी वाहिनीवर माजी बेसबॉलपटू ॲलेक्स रॉड्रिगेझच्या एका कार्यक्रमात आला, तोवर सगळं संपलं होतं. उलट डोक्यावर दीड लाखाच्या वर डॉलरचं कर्ज. कार्यक्रमात सगळं उघडपणे बोलला. रडगाणं नव्हतं.

हिशेबनीस

६.१ कोटी हा आकडा फसवा आहे, हे मी अशिलांना नेहमी सांगतो. केंद्राचा आयकर जवळपास ४० टक्क्यांच्या घरात. त्यावर राज्याचा कर, आणि तो फक्त घरच्या राज्याचा नाही : ज्या ज्या राज्यात सामना खेळाल तिथल्या दिवसांचा हिस्सा तिथे भरायचा. एजंटला चार टक्क्यांपर्यंत. म्हणजे हातात अर्धे आले तरी नशीब.

आणि बारा टीम्स म्हणजे नुसत्या बारा जर्स्या नव्हेत. ट्रेडचा फोन आला की दुसऱ्या दिवशी विमान. घर तिथेच, त्याचे हप्ते चालू. नव्या गावात भाड्याचं घर. ते आवरेपर्यंत पुढचा फोन. एका जागी सोळा वर्षं खेळलेल्याला हा खर्च नसतो. उधळपट्टी झाली असेलच, नाही म्हणत नाही, पण फिरस्तीलाही पैसा लागतो आणि तो कोणी लिहीत नाही.

कट्ट्यावरचा

हं. हा मुद्दा डोक्यात आला नव्हता. तरी गार्नेट पाचवा होता. :D

मिनेसोटाकर

गार्नेटवरून : पहिला नंबर आणि पाचवा नंबर एकाच टीममध्ये, आणि पहिल्याने पाचव्याबरोबर खेळायचंय म्हणून कमी पैसे घेतले अशी बातमी लोकांनी तीन पैशांचा संशय न घेता गिळली. का? कारण दोघांचं मैदानावर खरंच जमायचं. गार्नेट आत गेला की स्मिथ बाहेर, स्मिथ आत की गार्नेट बाहेर. कागदाची भानगड नसती तर ती जोडी आणखी चार-पाच वर्षं बघायला मिळाली असती, असं मला वाटतं.

ताकभात

शंका : तेरा टीम्सवाला कोणी आहे ना? कुठेतरी वाचलंय.

रिबाउंडवाला

आहे, इश स्मिथ. पण तो बुटका गार्ड, सहा फुटांचा. डेन्व्हर ही त्याची तेरावी टीम, आणि २०२३ मध्ये तिथेच विजेतेपद. आडनाव तेच, नातं नाही. उंच माणसांत मॅसनबर्ग, ब्राउन आणि जो स्मिथ बारावरच आहेत.

ताकभात

मग मॅसनबर्गचे तेरा का नाहीत? मी आत्ता मोजले. व्हँकुव्हरनंतर मेम्फिसकडूनही खेळलाय.

हिशेबनीस

व्हँकुव्हरची टीमच २००१ मध्ये उठून मेम्फिसला गेली, ग्रिझलीज हे नाव तेच. फ्रँचायझी एक, म्हणून मोजणी एक. त्यावेळी ट्रेड मॅसनबर्गचा नव्हता झाला, टीमचा झाला होता.

ताकभात

म्हणजे सामान त्यालाच भरावं लागलं की परत.